एका रोलमध्ये किती फोटो? (घरातल्या जुन्या कॅमेऱ्यांबद्दल)

जुनारोल (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकातला आमचा वाडा गेल्या महिन्यात पाडायला दिला. त्याआधी वडिलांचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. आगफा क्लिक थ्री त्यात असणार हे ठाऊक होतं, लहानपणापासून तो चामड्याच्या केसमध्ये खुंटीला लटकलेला पाहिलाय. पण कॅमेऱ्याखाली एक दोनशे पानी वही निघाली. ती मी कधीच पाहिली नव्हती. एक पान उतरवतो:

रोल ९
१. आई, तुळशीपाशी
२. आई, हसताना (जमलं तर)
३. तिवंध्याची रहाड, लांबून
४. रहाडीतून निघालेले दोघे भाऊ
५. रामरथ, गंगेवर
६. रथाची दोरी, नुसते हात
...
१२. राखीव

(नाशिकबाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचा हौद, आणि गंगा म्हणजे आपली गोदावरी.) म्हणजे रंगपंचमीच्या आधी घातलेला रोल रथोत्सव होऊन गेला तरी संपला नव्हता. प्रत्येक पानावर बाराच ओळी, आणि बारावी ओळ आधीपासून 'राखीव' लिहून अडवून ठेवलेली. पुढे कधीतरी त्यावर काट मारून खरं नाव लिहिलंय. कुणाचं बारसं, कुणाची नवी सायकल, एकदा नुसतं 'पाऊस'.

क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. १२० नंबरचा रोल आणि बारा चौकोनी फोटो. फोकस करायचा नाही, वेग निवडायचा नाही. पाठीमागच्या लाल खिडकीत रोलच्या कागदावरचा आकडा दिसेपर्यंत चकती फिरवायची आणि खटका दाबायचा. वही वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. कॅमेऱ्याचा इतिहास आपण भिंगांचा आणि कंपन्यांचा म्हणून वाचतो, पण घराघरातल्या माणसाला त्यातला एकच आकडा जाणवायचा, तो म्हणजे किती फोटो निघतात.

सुरुवात एकापासून. १८३९ साली पॅरिसमध्ये डॅगेरची पद्धत जाहीर झाली, त्यात चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आयोडीनची वाफ, पाऱ्याची वाफ, आणि हाती एकच फोटो. निगेटिव्हच नाही, त्यामुळे दुसरी प्रत नाही. (आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. त्याची पहिली पुस्तकं मांडली जात होती तेव्हा जगात फोटो ही वस्तू जेमतेम वर्षाची होती, हे मला फार विलक्षण वाटतं.) मग १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक आला आणि आकडा एकदम शंभरावर गेला. कॅमेरा रोल भरूनच मिळायचा, किंमत २५ डॉलर. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेरा रोचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून आणि नवा रोल भरून परत यायचा. फोटो गोल असायचे, टिकलीसारखे. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला, पुठ्ठ्याचा डबा, त्यात सहा फोटो. शंभरावरून सहावर! पण हा डबा शाळकरी पोराच्या हातात गेला, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, ब्राउनी नंबर टू साठी १२० चा रोल निघाला. तोच रोल आजही बनतो. वडिलांच्या कॅमेऱ्यात आज दुपारीही घालता येईल.

तुमच्या घरात कोणता कॅमेरा होता? त्यात किती फोटो निघायचे, आणि ते कशावर खर्च व्हायचे? सविस्तर लिहा.

पंचवटीकर:

वा! 'दोरी, नुसते हात' वाचून वहीवाल्या काकांना मनापासून नमस्कार.

आमच्या मामांचा स्टुडिओ होता. लग्नाला ते याशिका मॅट १२४ जी घेऊन जायचे, दोन डोळ्यांचा. वरचं भिंग आपल्याला पाहायला, खालचं फोटो काढायला. छातीशी धरायचा आणि वरून, मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत सगळं डावं-उजवं उलटं दिसतं. नवरा डावीकडे सरकला की मामा कॅमेरा नेमका बरोबर बाजूला वळवायचे, ते मी तासन्तास बघायचो.

आणि तुमच्या आकड्याचं म्हणाल तर या कॅमेऱ्याच्या नावातच आकडा आहे. १२० चा रोल घातला तर १२, २२० चा घातला तर २४, म्हणून १२४. २२० मध्ये फिल्मच्या पाठीला पूर्ण लांबीचा कागद नसतो, त्या वाचलेल्या जागेत दुप्पट फिल्म मावते. मामांना २२० क्वचितच मिळायचा. म्हणून लग्नात रोल बदलायची वेळ आधीच ठरलेली असायची. मंगलाष्टकं सुरू झाली की नवा रोल आत हवाच. सातव्या मंगलाष्टकाला रोल संपला, असं त्यांच्या हयातीत एकदाही झालं नाही. भटजींना ते आधीच जाऊन विचारायचे, "किती म्हणणार आहात?"

दोन भिंगांची ही घडण १९२९ च्या रोलायफ्लेक्सने जगभर नेली. जपानी याशिका हा त्याचाच परवडणारा वारस.

सिडकोवासी:

झेनिट-ई. सोव्हिएत युनियनचा, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. हे मॉडेल १९६५ पासून बनत होतं. मी सेकंडहॅंड घेतला, हेलिऑस ४४-२ भिंगासकट. वजन असं की गळ्यात घालून दिवसभर फिरलं की संध्याकाळी मान बोलायची. वर उजेड मोजणारा सेलेनियमचा मीटर आहे, त्याला सेल लागत नाही, उजेडावरच काटा हलतो. मूळ भिंग जर्मन बायोटारच्या घडणीचं, मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. हल्ली लोक त्यासाठीच शोधत असतात.

३६ चा रोल. पण फोटो मोजणारी चकती रोल घातल्यावर हाताने शून्यावर आणावी लागते. २००३ च्या सिंहस्थात पहाटे साडेतीनला रामकुंडाजवळ जागा धरून बसलो होतो. अंधारात रोल घातला, चकती नीट लावली, साधूंची मिरवणूक आली, मी मोजून मोजून फोटो काढले. चकती ३६ वर आली. मग ३८. मग ४०. तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक पलीकडच्या दांडीत अडकलंच नव्हतं. कॅमेरा खटाखट वाजत होता आणि आत फिल्म जागची हलली नव्हती. पुढच्या सिंहस्थाला बारा वर्षं होती.

नवीन कुणी फिल्मकडे वळत असेल तर एवढं लक्षात ठेवा. फिल्म पुढे ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती स्थिर असेल तर तिथल्या तिथे थांबा.

त्र्यंबकहून:

सिडकोवासी, वाचून हळहळलो.

हा ३६ कुठून आला ते थोडं सांगतो, कारण त्याचा धागा आमच्या गावाजवळून जातो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. सिनेमाच्या आधी त्यांनी फोटोग्राफी केली, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि हात बसावा म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर तो लावला. थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत गेले आणि पडद्यावर कोंब भराभर वाढताना दिसला. ३ मे १९१३ ला त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मुंबईत कोरोनेशनला लागला, आणि मग त्यांनी बिऱ्हाड नाशकात आणलं.

त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलरला ऑस्कर बार्नाक हीच ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म छोट्या फोटो कॅमेऱ्यात घालून बघत होते. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. ती त्यांनी आडवी करून दुप्पट केली, २४ बाय ३६. सिनेमात एका चौकटीला चार भोकं सरकतात, यात आठ. त्यातून १९२५ मध्ये लायका बाजारात आला. त्या आकाराच्या ३६ चौकटींना दीड मीटरच्या आसपास फिल्म लागते.

मी एकदा हिशेब केला. ३६ फोटो म्हणजे सिनेमाच्या ७२ चौकटी. मूकपटाचा सेकंदाला सोळा चौकटींचा वेग धरला तर फाळक्यांच्या कॅमेऱ्यात एक अख्खा रोल साडेचार सेकंदांत संपला असता! आपण तो दिवाळी ते दिवाळी पुरवायचो.

१९५९ मध्ये ऑलिंपसच्या माइतानींनी पेन नावाचा कॅमेरा केला. त्यात पुन्हा तीच १८ बाय २४ ची चौकट घेतली आणि रोलमध्ये ७२ फोटो बसवले. वर्तुळ पूर्ण झालं म्हणा.

आडगावची_लेक:

आमच्याकडे याशिका एमएफ-२. दोन पेन्सिल सेल, फ्लॅश वर करायचा, तो चार्ज होतानाचा बारीक शिट्टीसारखा आवाज अजून कानात आहे. दादा अंधाऱ्या खोलीत रोल घालायचा, म्हणजे सुरुवातीची फिल्म वाया न जाता ३६ वर एखाद-दोन फोटो जास्त मिळतात. ३७ वा निघाला की घरात आनंद. ३८ वा बहुतेक वेळा अर्धा निघायचा, कडेला लॅबवाल्याची पट्टी चिकटवल्याची खूण. आमच्या आजीचा एकमेव हसरा फोटो हा असा ३८ वा आहे. डावा कान नाही त्यात. फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

निळी_शाई:

धागा सुंदर आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

किती फोटो, हा आकडा खरा. पण ते कुणाच्या हातून, हेही बघा. आमच्या घरात बारा फोटोंचा रोल होता म्हणूनच आईच्या हातात कॅमेरा कधी दिला नाही. सोमेश्वरला सहलीला गेलो होतो, तिनं मागितला, तर वडील म्हणाले, "अगं, रोल वाया जाईल." ते रागीट नव्हते, काटकसरी होते. पण आमच्या अल्बममध्ये वीस वर्षं वडिलांनी पाहिलेलं जग आहे. आईनं पाहिलेलं एकही चित्र नाही.

होमाई व्यारावाला, नवसारीला १९१३ मध्ये जन्मलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या जड स्पीड ग्राफिक कॅमेरा वापरायच्या. त्याच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढे एक, मागे एक. दोन! तेवढ्यात प्रसंग पकडायचा. आणि सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. म्हणजे रोल वाया जाण्याची भीती हे कारण नसतंच.

आईनं पुढे पोस्टाच्या पैशातून स्वतःसाठी कोडॅक केबी-१० घेतला. पहिला ३६ चा रोल धुऊन आला त्यात एकही माणूस नव्हता. छत्तीसच्या छत्तीस रांगोळ्या. आमच्या गल्लीतल्या, दारोदारच्या, दिवाळीच्या पाच दिवसांतल्या. लॅबवाल्या मुलाने विचारलं, "काकू, सगळे छापू?" ती म्हणाली, "सगळे."

जुनारोल:

निळी_शाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि वही पुन्हा उघडली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. अठ्ठावीस रोल, तीनशेवर ओळी. 'आई' म्हणजे माझी आजी, ती आहे. बहिणी आहेत. माझी आई लग्नानंतरच्या सगळ्या रोलांत आहे. पण फोटो तिनं काढला अशी नोंद एकही नाही. वडिलांचा स्वतःचा फोटोही कुठेच नाही, म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात गेलाच नाही. मी हे कालपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्या रांगोळ्यांचे फोटो इथे टाकाल का?

गंगाघाट:

मी लहान असताना गंगेवर एक गृहस्थ लाकडी खोका तिपाईवर ठेवून बसायचे. मिनिट कॅमेरा. त्यात रोलच नाही. खोक्याच्या आतच कागदावर निगेटिव्ह करायचे, बाजूच्या काळ्या बाहीतून हात घालून आतल्या आत धुवायचे, मग तो ओला कागद पुढच्या फळीवर लावून त्याचाच फोटो काढायचे, की सरळ चित्र मिळायचं. हात आत, नजर गिऱ्हाइकावर, बोटांनी अंदाज घेत. त्यांची नखं रसायनानं कायमची तपकिरी झाली होती. गावाकडून अस्थी घेऊन आलेली माणसं जाताना एक फोटो काढून न्यायची, मागे नारोशंकराचं देऊळ.

डार्करूम:

उशिरा आलो, पण हा माझा विषय आहे.

जुनारोल, क्लिक थ्री वापरायचा विचार असेल तर आधी भिंग टॉर्चसमोर धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. नाशिकच्या पावसाळ्यात, त्यात वाड्याच्या ओलीत, चामड्याच्या केसमधला कॅमेरा सगळ्यात लवकर खराब होतो, चामडं ओल धरतं. केस वेगळी ठेवा. कॅमेरा झाकणबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. शटर पाच-सहा वेळा कोरडंच दाबा, दर वेळी सारखाच आवाज आला तर ते चालतंय. कृष्णधवल १२० रोल, १०० किंवा ४०० एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा), भर उन्हात. आणि प्रत्येक फोटोनंतर लगेच चकती फिरवायची सवय लावा, नाहीतर एकावर एक दोन फोटो पडतात.

धुवायचं काम घरी जमतं. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म चक्रीवर चढवायची, डब्यात बंद करायची, मग उजेडात डेव्हलपर आणि शेवटी हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. पाणी २० अंशाला हवं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी आपोआप त्याच्या आसपास असतं, मे महिन्यात बर्फाची पिशवी लागते. हायपोचं काम हर्शेलनी १८३९ मध्येच दाखवून दिलं होतं, आजही तेच वापरतो.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसननी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढचं आपण सगळे जगलोय, त्यावर मी लिहीत नाही.

मला विचारायचंय ते वेगळंच. वही आहे, पण निगेटिव्ह आहेत का? आणि १९६९ च्या पुराचा रोल आहे का त्यात?

जुनारोल:

आहेत. बटरपेपरच्या पाकिटांत, प्रत्येकावर रोलचा नंबर. आणि हो, पुराचा आहे. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच नाशिककर पुराचं पाणी मोजतात, तोच पहिला. रोल १४:

१. दुतोंड्या मारुती, कंबरेपर्यंत पाणी
२. तोच, छातीपर्यंत
३. तोच. दिसत नाही.
४. सराफ बाजार
५. सराफ बाजार, दुकानाची फळी वाहताना

असं अकरापर्यंत. पुढे '१२. राखीव', आणि या एकाच पानावर त्या शब्दावर काट नाही. मला वाटलं होतं बारावा फोटो काढलाच नाही. पण पट्टीत बारावी निगेटिव्ह आहे, अगदी फिकट, उजेडासमोर धरली तरी नीट काही कळत नाही. पाकिटात छोटे चौकोनी प्रिंट अकराच आहेत.

डार्करूम:

फिकट म्हणजे उजेड कमी पडलाय. त्या काळी लॅबवाले अशी पातळ निगेटिव्ह छापायचे नाहीत, गिऱ्हाईक पैसे देणार नाही म्हणून. फोनवरून स्कॅन नका करू. माझ्याकडे एन्लार्जर आहे. कडक ग्रेडच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणाऱ्या पेपरवर अशा निगेटिव्हमधून पुष्कळ काही निघतं. रविवारी घेऊन या, पट्टी हातात धरताना कडेनेच धरा.

आडगावची_लेक:

काय निघालं ते इथे नक्की सांगा, वाट बघतेय.

जुनारोल:

काल गेलो होतो. सांगतो.

लाल दिव्यात पहिला कागद पूर्ण करडा आला. दुसरा वाया. तिसऱ्याला त्यांनी ग्रेड बदलली, वेळ कमी केली आणि ट्रे हलवत राहिले. आधी उंबऱ्याची काळी रेघ आली. मग भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ती आडवी ओल. मग सगळीकडे गाळ, चकाकणारा. ही आमच्याच वाड्याची पडवी, मी खांबावरून ओळखली. आणि खांबाशी वाकलेली, परकर खोचलेली एक मुलगी, घमेल्यात गाळ भरतेय. मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघतेय, चेहऱ्यावर जराही हसू नाही.

आत्या. तेव्हा दहा वर्षांची होती.

संध्याकाळी प्रिंट घेऊन नाशिकरोडला तिच्याकडे गेलो. चष्मा लावून तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. वडिलांनी हा फोटो काढल्याचं तिला आठवत नव्हतं. मग बोट ठेवून म्हणाली, "हे घमेलं आपलं नाही. शेजारच्यांचं आहे. आपलं वाहून गेलं होतं."

वहीत 'राखीव'वर काट मारून मी खाली लिहिलं: १२. आत्या, पडवीत. घमेलं शेजारच्यांचं.